साठ घरांची गाठोडी

भागम्मा परटिणीला गावातलं जेवढं ठाऊक होतं तेवढं पाटलाला नव्हतं, कुलकर्ण्याला नव्हतं आणि देवळातल्या देवाला तरी असेल की नाही शंकाच. देवाकडं माणूस अंघोळ करून, धुतलेलं नेसून जातो. भागम्माकडं मळलेलं जायचं.

गाव खटकचिंचोळीपासून दोन कोसांवर. नाव मुद्दाम सांगत नाही. त्या साठ घरांतली माणसं अजून तिथंच नांदतात, आणि जिनं जन्मात कुणाचं काही सांगितलं नाही तिची गोष्ट सांगताना गाव उघडं पाडणं शोभायचं नाही.

कुणाच्या घरी पाळणा हलणार हे सासूच्या आधी भागम्माला कळायचं. कोणता नवरा ओसरीवर झोपतो, कोणत्या म्हाताऱ्याचा ताबा सुटलाय, कोणाच्या घरी लग्नाचं लुगडं मोडून परकर शिवलेत, सगळं गाठोड्यातून निघायचं आणि ओढ्याच्या पाण्यात जायचं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी सासूनं तिला धोंड्यावर बसवलं आणि कपडा आपटायला शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवली. “गाठोड्यातलं गाठोड्यात. आपल्या हाताला कळतंय ते तोंडाला कळू द्याचं न्हाई.” सासू गेली, नवरा मडिवाळप्पा साप चावून गेला, एकुलती लेक ठाणाकुशनूरला दिली. भागम्माकडं राहिले ते दोन हात आणि सासूचं ते वाक्य. त्यावर ती साठ घरं चालवत होती. सुगीला खळ्यावर गेली की लोक जोंधळ्याचं सूप भरून घालायचे आणि वर ओंजळभर जास्त. ती ओंजळ धुण्याची नव्हती, गप्प राहण्याची होती. देणाऱ्याला ठाऊक होतं, घेणारीलाही.

ओढ्यावर तिच्या शेजारचा धोंडा सावित्रम्माचा. दोघी एकाच वर्षी सून होऊन आल्या, चार वर्षांच्या अंतरानं रांडावल्या. गावाची खालची आळी सावित्रम्माची, वरची साठ घरं भागम्माची. सावित्रम्मा डावरी. तिचा कपडा डावीकडून उडायचा, भागम्माचा उजवीकडून, आणि मधल्या पाण्यात दोघींचे शिंतोडे एक व्हायचे. पंचवीस वर्षं एकमेकींच्या भाकरीला एकमेकींची चटणी. सावित्रम्माची जीभ मात्र सैल. ती विचारायची, “अक्का, वरच्या आळीत काय नवं?” भागम्मा म्हणायची, “पाणी गार हाय.” सावित्रम्मा हसायची आणि आपल्या आळीचं सगळं सांगून टाकायची.

वरच्या आळीत शेवटचं घर व्यंकटेश गुरुजींचं. गुरुजी बीदरकडचे. गावात खाजगी मराठी शाळा काढून त्यांना सहा वर्षं झाली होती. अंग काटकुळं, आवाज मात्र खणखणीत. पोरांना बाराखडी शिकवायचे आणि मोठ्यांना जवळ बसवून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. भागम्माला दारात बघून ते उठून “या” म्हणायचे. परटिणीला “या” म्हणणारं गावात ते एकच घर. याचं तिला केवढं अप्रूप! लेकीकडं गेली की चार वेळा सांगायची.

तीन वर्षांमागं गुरुजींच्या बायकोनं, सुमतीबाईंनी, मागच्या दाराशी एक लहान पुरचुंडी तिच्या हातात दिली होती. आत पाच रुमाल. सुमतीबाई खाली बघत म्हणाल्या, “हे वेगळे धू, भागम्मा.” भागम्मानं पुरचुंडी सोडली, तांबडे डाग बघितले, पुन्हा बांधली. गुरुजींच्या छातीत काय चाललंय हे तिला वैद्याच्या आधी कळलं. गावाला कळतं तर दुसऱ्या दिवशी शाळा ओस पडली असती. क्षयाच्या माणसापुढं कोण आपलं पोर बसवेल? त्या दिवसापासून ते रुमाल ती ओढ्याच्या वरच्या वळणावर, एकटी असताना, राखेच्या पाण्यात उकळून धुवायची आणि सुमतीबाईंच्या हातात मागच्या दारानंच द्यायची. सावित्रम्मालाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

तर हे असं चाललं होतं. मग सत्तेचाळीस साल आलं. तिकडं देश मोकळा झाला, इकडं निजामाचं राज्य होतं तसंच राहिलं. गावात पोलिसांचा नाका बसला. आठ शिपाई आणि एक जमादार. त्यांचे गणवेशही भागम्माकडंच आले. नको म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात वावगंही वाटलं नाही. मळ तो मळ.

दिवाळीच्या आधी गुरुजींच्या गाठोड्यात एक धोतर जास्त आलं. जाडंभरडं, हातानं विणलेलं, आणि काठाजवळ बिब्ब्याची तिरपी रेघ. परीट कपड्यावर बिब्ब्याची खूण घालतो ती जन्मात धुतली जात नाही, आणि कोणत्या परटाची कोणती खूण हे परटालाच कळतं. ही खूण अलीकडच्या गावांतल्या कुणाची नव्हती. सुमतीबाईंनी निरोप दिला होता की तेवढं धोतर सोमवारच्या आत पाहिजे, पाहुण्यांना निघायचंय. कोण पाहुणा, कशाला आलाय, भागम्मानं विचारलं नाही. पण वाळत घालायची वेळ आली तेव्हा तिचे हात थांबले. माळावर घातलं तर नाक्यावरून दिसतं. तिनं ते धोतर घरात आढ्याच्या दोरीवर वाळवलं, दार ओढून. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याच बुद्धीनं केलं. आणि हेच तिला भोवलं.

त्याच शनिवारी ती धुतलेले गणवेश घेऊन नाक्यावर गेली. जमादारानं तिला बसायला सांगितलं, पानसुद्धा दिलं, आणि गोडीगोडीनं म्हणाला, “अम्मा, कौनसे घर में धोती ज्यादा आई, बस इत्ता बोल देना.”

भागम्मानं पान कमरेला खोचलं. “जमादारसाब, त्यांचं तुमाला सांगिटलं तर उद्या तुमचं त्यांना सांगावं लागंल. गेल्या बुधवारी तुमच्या खिशात शेवंतीच्या पाकळ्या व्हत्या. मी झटकून टाकल्या. बेगमसाबला सांगायला गेले काय?”

शिपाई तोंडावर हात धरून हसले. जमादार आधी तांबडा झाला, मग तोही हसला, आणि विषय तिथंच संपला. भागम्मा घरी आली ती कुणाला काही न सांगता. सावित्रम्माला सांगितलं असतं तर आठ दिवस हसली असती. पण शेवंतीच्या पाकळ्या नाक्याच्या गाठोड्यातल्या होत्या, आणि नाक्याचं असलं तरी गाठोडं ते गाठोडंच.

सोमवारी गुरुजींचा पाहुणा भालकी स्टेशनावर धरला गेला. गाडी यायच्या आधीच पोलीस फलाटावर उभे होते. म्हणजे दिवस माहीत होता, वाट माहीत होती. गुरुजींचं नाव पाहुण्यानं घेतलं नाही म्हणून ते वाचले. पण गुरुजी धरून गावात निजामाविरुद्धच्या चळवळीचे जे पाचजण होते ते त्याच रात्री एकत्र बसले. सांगितलं कुणी?

आपल्यातलं कुणी असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. असं कधी येतच नाही. अडतीचं दुकान असलेले अंकुशराव म्हणाले, सोमवार कुणाला ठाऊक होता? आपल्याला, आणि परटिणीला. परटीण नाक्यावर जाते. शनिवारी तिथं ती बसली होती, पान खाल्लं, शिपाई हसत होते, हे चौघांनी बघितलंय. आणि त्यांनी वर एक टोला हाणला, “परटिणीचं पोट नाक्यावर बी भरतंय.” गुरुजी गप्प होते म्हणतात. पण गप्प राहणं दोन तऱ्हेचं असतं. एक भागम्माचं आणि एक हे.

असं ठरलं की तिला विचारायचं नाही, नुसती नजर ठेवायची. नजर ठेवायला जवळचं माणूस पाहिजे. मग गुरुजींनीच सावित्रम्माला बोलावलं. दारात उठून “या” म्हणाले असतील, आणि तिथंच अर्धं काम झालं असेल. देशाचं काम आहे म्हणाले. भागम्माच्या घरी कोण येतं, ती कुठं जाते, गाठोड्यांत काय असतं, एवढंच बघून सांगायचं. सावित्रम्मानं आल्याआल्या पहिली बातमी दिली ती आढ्यावरच्या धोतराची. तिनं ते दाराच्या फटीतून बघितलं होतं. अंकुशरावांनी मांडीवर थाप मारली. चोराच्या मनात चांदणं, म्हणाले. लपवायचं नव्हतं तर घरात कामून वाळवलं?

म्हणजे बघा, जे तिनं त्यांना वाचवायला केलं तेच तिच्या गळ्यात बांधलं.

दोन महिने हे चाललं आणि भागम्माला गंधही नव्हता. सावित्रम्मा पूर्वीपेक्षा जास्त यायला लागली याचं तिला बरंच वाटलं. आपण दोघी म्हाताऱ्या व्हायला लागलो, आता एकमेकींना धरून राहावं, असं ती मनाशी म्हणायची. चटणीत तीळ जास्त घालायला लागली.

कळलं ते गाठीवरून. प्रत्येक घरचं धुणं ती वेगळं बांधायची, आणि तिची गाठ सासूची गाठ होती: पदर उजवीकडून आत आणि शेव, म्हणजे कापडाचं टोक, खाली दाबलेला. संक्रांतीच्या आधी एकदा ती भाकरीला पीठ मागायला शेजारी जाऊन आली, तर गुरुजींच्या गाठोड्याचा पदर डावीकडून आत गेलेला. तिला वाटलं, आपलीच चूक. वय झालं. पण हात चुकत नसतो. पंचवीस वर्षांची सवय एका दुपारी उलटी होत नाही. पुढच्या वेळी तिनं प्रत्येक गाठीत जोंधळ्याच्या चिपाडाचा एकेक तुकडा सरकवून ठेवला आणि बाहेर गेली. परत आली तर सात गाठोड्यांतले तुकडे मोडून खाली पडलेले, आणि सातही गाठी डाव्या हाताच्या.

ती जमिनीवर बसली. साठ घरं तिच्या हातून उलगडत होती, पण तिचं घर कुणी उलगडेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि गावात डावरी परटीण एकच.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर सावित्रम्मा आली, धोंड्यावर पाणी मारलं आणि नेहमीसारखं म्हणाली, “अक्का, काय नवं?”

“तूच सांग की,” भागम्मा म्हणाली. “माज्या घरातलं तुला जास्त ठाव हाय.”

सावित्रम्माच्या हातातला कपडा तसाच राहिला. मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि जीभ सैल असल्यानं सगळंच सांगितलं. पाचजणांचं, अंकुशरावांच्या टोल्याचं, धोतराचं. तिला वाईट वाटत होतं, पण थोडी ऐटही होती. गुरुजींनी एवढ्या विश्वासानं काम सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला गावाच्या कामात धरलं होतं.

“पैसा घेटला न्हाई मी, अक्का. देवाची आन.”

“घेटला असतास तर बरं झालं असतं. गरिबीला घेटला म्हणले असते.”

सावित्रम्मा रडायला लागली. रडता रडता म्हणाली की तसं आता काही नाही, तुझ्यावरचा आळ गेला. पाहुण्यानं गुलबर्ग्याच्या तुरुंगातून निरोप पाठवला होता. त्यानं घरी लिहिलेलं एक कार्ड पोलिसांनी त्याच्याच पुढं धरलं, त्यात सोमवारच्या गाडीचं लिहिलं होतं. ते कार्ड गुरुजींनीच स्वतः डाकेत टाकलं होतं.

कार्ड. फोडून वाचायचीसुद्धा तसदी नाही.

“हे कवा कळलं त्यास्नी?”

“महिना झाला.”

“मग काल माजी गाठोडी कामून सोडलीस?”

सावित्रम्मानं पदरानं नाक पुसलं. “गुरुजी म्हणले, तरी असू दे. नजर असलेली बरी.”

भागम्मानं हातातला कपडा पिळून धोंड्यावर ठेवला. संशय आला, हे तिला समजत होतं. भीतीपोटी माणूस सावलीलाही दगड मारतो. पण सावली आहे हे कळल्यावरही दगड मारत राहिला तर त्याला काय म्हणायचं? तेवढ्यात सावित्रम्मानं हळूच विचारलं, “अक्का, ती लहान पुरचुंडी... ते तांबड्या डागाचे रुमाल कुणाचे?”

म्हणजे तेही बघितलं होतं. आणि ज्यानं बघायला पाठवलं त्याच्याच छातीचं ते रक्त.

एक शब्द. फक्त नाव. सावित्रम्माच्या कानात पडलं असतं तर दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं, शाळा बसली असती, “या” म्हणणारा आवाज बसला असता. तो शब्द भागम्माच्या ओठापर्यंत आला. खोटं कशाला, आला. तिनं तो गिळला.

“माजेच,” ती म्हणाली. “उष्णतेनं नाकाचा घोळणा फुटतोय माजा.”

त्या दिवशी दुपारी ती गुरुजींच्या दारात गेली. गाठोडं ओसरीवर ठेवलं. पुरचुंडी आधीच मागच्या दारानं सुमतीबाईंना दिली होती. गुरुजी उठले आणि “या” म्हणाले. ती उभीच राहिली. तिचा चेहरा बघून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनीच बोलायला सुरुवात केली. मनावर घेऊ नकोस म्हणाले. चळवळीत सगळ्यांवरच लक्ष ठेवावं लागतं. तुझ्यावर विश्वास होताच, पण विश्वास वेगळा आणि खात्री वेगळी.

“खात्री मला इचारून बी करता आली असती, गुरुजी.”

“विचारलं असतं,” गुरुजी म्हणाले, “पण तू खरंच सांगशील हे कशावरून धरायचं?”

वाद घालताना पोरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं. शिकलेल्या माणसाला आपला प्रश्न फार आवडतो.

भागम्मा म्हणाली, “तीन वर्सं तुमचे रुमाल धुवायलाव मी. अन् कशावरून म्हून मला इचारताव?”

गुरुजींचा रंग उडाला. त्यांना खोकला आला, त्यांनी तो दाबला. इतकी वर्षं ते रुमाल आपोआप स्वच्छ होऊन येत होते असंच त्यांना वाटत असावं. त्यांनी दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “कुणाला बोलणार नाहीस ना?”

माफी मागितली असती तर ती कदाचित रडली असती, गाठोडं उचलून घरी गेली असती आणि आठ दिवसांनी पुन्हा आली असती. ह्या प्रश्नानं ते सगळं संपलं. ती पायऱ्या उतरली.

घरी येऊन विचार करायला बसली तर कोडं भलतंच अवघड. गुरुजींचं घर टाकायचं, हे ठरलं. पण परटिणीनं एकच घर टाकलं तर गाव विचारतं, का टाकलं? त्या घरात काय आहे? वाळीत टाकल्याची खूणच ती. लोक तर्क लढवणार, रुमालांपर्यंत पोचणार. न बोलताही ते सांगितल्यासारखंच. आणि धूत राहायचं म्हटलं तर त्या ओसरीवर पाय चढत नव्हते.

तिसऱ्या दिवशी तिनं साठच्या साठ घरं सोडली.

दारोदार गेली, ज्याचं त्याचं धुणं दिलं आणि म्हणाली, माझ्यानं होत नाही, जनवाड्याला भावाकडं जाते. सुगी तोंडावर होती, वर्षाचा जोंधळा खळ्यावर यायचा होता. तोही सोडला. लोक चक्रावले, विचारायला लागले. ती सगळ्यांना एकच सांगायची की इथलं पाणी जड, साबण फेसाळत नाही. गावाला राग आला. आमचं पाणी जड? पंचवीस वर्षं गोड लागलं ते?

ती गेल्यावर सावित्रम्माची जीभ सुटली. तांबड्या डागांचे रुमाल, घोळणा, एकाएकी गाव सोडणं. गावानं दोन नि दोन जोडले आणि भागम्माला क्षय लावून दिला. अंकुशरावांनी तिनं धुतलेले कपडे पुन्हा उकळून घेतले. शाळेच्या ओसरीवर ही गोष्ट निघाली तेव्हा गुरुजी तिथंच होते. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, वेळेवर गेली. गुरुजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

ही बोलवा जनवाड्यापर्यंत आली. भावानं जमवून दिलेल्या नऊ घरांपैकी चार घरांनी धुणं देणं बंद केलं. वहिनीनं तिचं ताट वेगळं मांडलं. भागम्मा त्या ताटात जेवली. नाही म्हटलं असतं तर कुणाचे रुमाल, हा प्रश्न आलाच असता.

अठ्ठेचाळीसच्या आषाढात गुरुजींना फळ्यापुढं उभं असतानाच ढास लागली आणि तीस पोरांनी जे बघायचं ते बघितलं. शाळा बंद झाली. सुमतीबाई त्यांना घेऊन बीदरला गेल्या. पुढं दोन महिन्यांनी निजामाचं राज्यही गेलं. गावात झेंडा लागला, अंकुशरावांच्या गळ्यात हार पडला, आणि दसरा झाल्यावर एक दिवस सावित्रम्मा गुडघे धरत धरत जनवाड्याला आली.

भागम्मानं तिला पाणी दिलं, भाकरी दिली. चटणी दिली नाही. सावित्रम्मा भाकरी तशीच हातात धरून बसली. म्हणाली, सगळं कळलं गावाला. मी पापीण, तुझ्यावर भलतंच बालंट आणलं. गाव म्हणतंय परत या, साठही घरं म्हणतायत.

“अक्का,” ती म्हणाली, “ते रुमाल गुरुजीचे व्हते. आता तर सांग.”

भागम्मा धुणं बांधत होती. पदर उजवीकडून आत घेतला, शेव खाली दाबला.

“कोनते रुमाल?”

सावित्रम्मानं भाकरी खाली ठेवली. मग पुढं सरकली आणि गाठ आवळायला तिनं डावा हात लावला. भागम्मानं गाठोडं आपल्याकडं ओढून घेतलं.